अडेलतट्टू यूएसबी डिस्क लिनक्सवर वठणीवर कशी आणावी

मोठी फाइल कॉपी करायला घेतली की डिस्क मध्येच गप्प होते. अर्ध्या मिनिटाने शुद्धीवर येते, कधी तेवढंही नाही. यावर सगळीकडे एकच सल्ला मिळतो: ‘यूएएस ब्लॅकलिस्ट करा’. यूएएस म्हणजे यूएसबी डिस्कशी बोलायची नवी, वेगवान पद्धत आणि तिचा ड्रायव्हर; ब्लॅकलिस्ट म्हणजे तो लोडच होऊ न देणं. हा सल्ला ऐकू नका. का, ते पुढे येतंच.

बॅकअप घेतलेला आहे असं धरून चालतो. केबल आणि पोर्ट बदलून पाहा. वीजच कमी पडत असेल तर कर्नलशी (म्हणजे लिनक्सच्या गाभ्याशी) कितीही झटापट करा, फुकट आहे. आणि आत ८ जीबी असून ५१२ जीबी सांगणारा पेनड्राइव्ह असेल, तर ‘एफथ्री’ने तपासा आणि टाकून द्या; त्याच्यावर कर्नलकडे इलाज नाही.

(आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन लिपीत, लहान अक्षरांत.)

‘डीमेसेज’ (dmesg, कर्नलच्या नोंदी दाखवणारी आज्ञा) चालू ठेवून डिस्कला पुन्हा अडायला लावा. ‘यूएएस ईएच अबॉर्ट हँडलर’ अशा ओळी आणि पाठोपाठ डिस्क रीसेट झाल्याची नोंद दिसली, तर दुखणं बहुधा यूएएसचं. जुन्या पद्धतीत डिस्ककडे एका वेळी एकच आज्ञा जाते. यूएएसमध्ये अनेक आज्ञा रांगेत लावता येतात. डिस्कच्या डबीतली ब्रिज चिप ‘मला हे जमतं’ म्हणते आणि ऐन वेळी हातपाय गाळते. म्हणूनच तीच डिस्क दुसऱ्या डबीत घातली की नीट चालते. जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी देणाऱ्या ‘एलएसयूएसबी’मधून कंपनीचा आणि उपकरणाचा असे चार-चार अंकी दोन हेक्स क्रमांक टिपून घ्या.

आता खरी मेख. ‘यूएएस’ ब्लॅकलिस्ट केलं की डिस्क आपोआप जुन्या ‘यूएसबी-स्टोरेज’ ड्रायव्हरकडे जाईल, असं वाटतं. जात नाही. कर्नल बांधताना यूएएस चालू ठेवलेलं असेल, तर यूएएस जमणारी डिस्क ‘यूएसबी-स्टोरेज’ स्वतःहून नाकारतो; ती दुसऱ्याची आहे, असं तो समजतो. तो दुसरा तर तुम्ही दाराबाहेर उभा केलेला. मग डिस्क ‘एलएसयूएसबी’त दिसते, पण डिस्कची यादी देणाऱ्या ‘एलएसबीएलके’त नाही, आणि माणूस डिस्क मेली म्हणून हळहळत बसतो. शिवाय नीट चालणाऱ्या बाकीच्या डिस्कही त्यात भरडल्या जातात.

बंदी ड्रायव्हरवर नको, त्या एका उपकरणावर हवी. त्यासाठी ‘क्वर्क्स’ हे पॅरामीटर आहे: पहिला क्रमांक, कोलन (:), दुसरा क्रमांक, कोलन आणि ‘यू’ हे अक्षर, म्हणजे ‘इथे यूएएस नको’. मधे स्पेस नको. हे पॅरामीटर ‘यूएसबी-स्टोरेज’चं आहे, ‘यूएएस’ला या नावाचं पॅरामीटरच नाही, तरी लोक ‘ऑप्शन्स यूएएस’ लिहून वाट बघत बसतात.

आधी रीस्टार्ट न करता चाचणी घ्या. डिस्क काढा, हीच ओळ रूट म्हणून सिसएफएसमधल्या (‘/sys’ खालच्या) ‘मॉड्यूल, यूएसबी_स्टोरेज, पॅरामीटर्स, क्वर्क्स’ या फाइलीत लिहा आणि डिस्क परत लावा. या डिस्कसाठी यूएएस दुर्लक्षित केल्याचं ‘डीमेसेज’ स्वतः सांगतं, आणि ‘एलएसयूएसबी -टी’मध्ये ड्रायव्हर ‘यूएसबी-स्टोरेज’ दिसतो. वेग थोडा उतरेल. चालतंय.

जमलं की तीच ओळ ‘मॉडप्रोब.डी’ या ड्रायव्हरच्या सेटिंगच्या फोल्डरमधल्या फाइलीत ‘ऑप्शन्स यूएसबी-स्टोरेज क्वर्क्स=’च्या पुढे घाला. पण ड्रायव्हरचं मॉड्यूल सुरुवातीलाच इनिटरामएफएसमधून (बूट होताना आधी लोड होणाऱ्या छोट्या प्रतिमेतून) लोड होत असेल तर ती प्रतिमा नव्याने बनवल्याशिवाय काही बदलणार नाही. डेबियनवर ‘अपडेट-इनिटरामएफएस -यू’, फेडोरावर ‘ड्राकट -एफ’. ड्रायव्हर कर्नलमध्येच बांधलेला असेल तर ‘मॉडप्रोब.डी’ला कोणी विचारत नाही, तिथे बूट ओळीतच ‘यूएसबी-स्टोरेज.क्वर्क्स’ द्यावं लागतं. दोन डिस्क असतील तर एकाच ओळीत स्वल्पविराम देऊन लिहा. दोन ओळी केल्यात तर शेवटची तेवढी टिकते.

आणखी एक खोच. तुमच्या उपकरणाची नोंद कर्नलच्या स्वतःच्या यादीत आधीच असेल, तर तुमची अक्षरं तिच्यात मिसळत नाहीत, तिच्या जागी बसतात. ‘टी’ (त्याचा अर्थ पुढे येतोच) आधीपासून असेल आणि तुम्ही नुसतं ‘यू’ दिलंत, तर ‘टी’ गेलं. दोन्ही लिहा.

खरं तर डिस्क फक्त ‘स्मार्ट’ माहिती (डिस्कच्या तब्येतीच्या नोंदी) वाचताना कोलमडत असेल तर नुसतं ‘टी’च देऊन पाहा. ते एटीए पासथ्रू आज्ञा, म्हणजे ब्रिज चिपमधून थेट डिस्ककडे जाणाऱ्या आज्ञा, अडवतं. ‘स्मार्ट’ची माहिती मग मिळणार नाही, पण यूएएसचा वेग हातचा जात नाही. मी आधी हेच करतो.

बाकी अक्षरं क्वचित लागतात. शेवटच्या सेक्टरवरच वाचनाच्या चुका येत असतील तर ‘सी’, ते सांगितलेल्या क्षमतेतून १ सेक्टर वजा करतं. मोठ्या तुकड्यांत डेटा पाठवला की गुदमरत असेल तर ‘जी’, त्याने एका वेळी २४० सेक्टरची मर्यादा पडते. तेही जड गेलं तर ‘एम’, म्हणजे ६४. अंदाजाने पाच-सहा अक्षरं एकदम ठोकून देऊ नका, नेमकं कशाने भागलं ते कळत नाही.

‘यूएसबीकोर.क्वर्क्स’ नावाचं जवळजवळ तसंच दिसणारं पॅरामीटर आहे, त्याची अक्षरं मात्र वेगळी. तिथलं ‘के’ त्या उपकरणासाठी यूएसबी लिंकची वीजबचत बंद करतं, इथल्या ‘के’चा तिच्याशी काही संबंध नाही. कुठूनही ओळ उचलताना डावीकडचं नाव आधी वाचा.