मराठवाड्यातील कलासंग्रहालयाची ओळख आणि संवाद कसा घडवावा

कलासंग्रहालयात ब्रँड आणि संवाद या कामाची सूत्रे हाती घेणाऱ्या व्यक्तीकडे पहिल्याच आठवड्यात दोन मागण्या येतात: नवे बोधचिन्ह करून द्या आणि समाजमाध्यमांवर खाती चालू करा. दोन्ही मागण्या काही महिने बाजूला ठेवाव्यात. संग्रहालय कोणासाठी आहे आणि तेथे आलेल्या माणसाला नेमके काय पाहायला मिळते, हे विश्वस्त, संचालक, अभिरक्षक (क्युरेटर) आणि तिकीट खिडकीवरचा कर्मचारी या चौघांना साधारण एकसारखे सांगता येत नसेल, तर बोधचिन्ह कितीही देखणे असले तरी त्याला आधार राहत नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०१६ मध्ये आपले बोधचिन्ह बदलले तेव्हा समीक्षकांनी त्यावर सडकून टीका केली; तरीही त्या संग्रहालयाचे फारसे बिघडले नाही, कारण लोक तेथे चिन्हासाठी जात नव्हते. जिल्ह्याच्या ठिकाणच्या लहान संग्रहालयाला ही चैन परवडत नाही.

पहिला निर्णय प्रेक्षकाचा. मराठवाड्यात अजिंठा आणि वेरूळ ही नावे एवढी मोठी आहेत, की प्रत्येक आराखड्याची सुरुवात ‘लेण्यांना येणाऱ्या पर्यटकांना आपल्याकडे वळवणे’ अशी होते. दोन्ही लेणी १९८३ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली आणि तेथे येणाऱ्या देशी-परदेशी पाहुण्याचे दोन-तीन दिवस आधीच ठरलेले असतात. असा पाहुणा आयुष्यात एकदा येतो. जालना, परभणी किंवा गेवराईचे कुटुंब मनावर घेतले तर वर्षातून तीनदा येऊ शकते. माझ्या मते आराखड्याचा गाभा हे दुसरे कुटुंब असावे आणि पर्यटकाचा विचार वेळापत्रकापुरता करावा. तो विचार अगदी साधा आहे. अजिंठा लेणी सोमवारी आणि वेरूळ लेणी मंगळवारी बंद असतात. बहुतेक संग्रहालयेही सवयीने सोमवारीच दार लावतात, म्हणजे ज्या दिवशी पाहुण्याचा अर्धा दिवस शहरात मोकळा असतो, त्याच दिवशी आपणही बंद. छत्रपती संभाजीनगरातील संग्रहालयाने साप्ताहिक सुट्टी बुधवारी किंवा गुरुवारी घ्यावी. एका परिपत्रकाने जे साधते ते विमानतळावरच्या महागड्या फलकानेही साधत नाही.

मराठवाडा म्हणजे एकच प्रेक्षकवर्ग, असेही धरू नये. लातूर आणि धाराशिवचा ओढा पुण्या-सोलापूरकडे आहे, संभाजीनगर त्यांना सवयीचे नाही. नांदेडमध्ये सचखंड गुरुद्वारामुळे वर्षभर पंजाबातून यात्रेकरू येतात, तेव्हा तेथील संग्रहालयाने गुरुमुखीतले माहितीपत्रक काढले नाही तर ते चुकले, असेच म्हणावे लागेल. संभाजीनगरात उर्दू वाचणारा मोठा वर्ग आहे. मात्र दालनातील प्रत्येक पाटीवर चार-चार लिप्या कोंबू नयेत. भिंतीवर मराठी आणि इंग्रजी ठेवावी, बाकीच्या भाषा हातात देण्याच्या पत्रकात किंवा ऐकण्याच्या ध्वनिमुद्रणात असाव्यात. उर्दूची मांडणी उजवीकडून डावीकडे जाते, म्हणून ते पत्रक स्वतंत्रपणे रचून घ्यावे. मराठी पत्रकातील मजकूर बदलून त्यात उर्दू बसवली की चित्रे एका बाजूला आणि त्यांच्या ओळी दुसऱ्या बाजूला जातात.

प्रेक्षक ठरला की संग्रहालयाचे एक वाक्य लिहावे. ‘समृद्ध कलावारशाचे जतन, संवर्धन व प्रसार’ हे वाक्य देशातील कोणत्याही संग्रहालयाच्या दारावर लावता येते, म्हणून ते कामाचे नाही. कसोटी अशी: आपल्या नावाच्या जागी दुसऱ्या संग्रहालयाचे नाव घालून पाहावे, आणि वाक्य तरीही खरेच राहिले तर ते फाडून टाकावे. ‘मराठवाड्यात हाताने जे विणले, घडवले आणि रंगवले गेले, ते हातभर अंतरावरून पाहण्याची जागा’ असे काही लिहिले, तर त्यात प्रदेश येतो, वस्तू येतात आणि एक वचनही येते. ‘हातभर अंतर’ लिहिल्यावर मग दोरी लांब बांधता येत नाही आणि काचेवर दिव्याची तिरीप पडलेली चालत नाही. प्रकाशयोजनेबद्दल अभिरक्षकांशी होणारा पहिला वाद या वाक्यातूनच निघेल, आणि तो व्हायलाच हवा.

पाटीपासून सुरुवात

संवादप्रमुखाने जाहिरातीच्या अंदाजपत्रकाआधी दालनातील पाट्यांचे काम मागून घ्यावे. प्रदर्शनाचे सगळे ठरून, वस्तू मांडून झाल्यावर ‘आता प्रसिद्धी करा’ म्हणून बोलावले जाणारा अधिकारी फक्त पत्रके वाटतो. प्रदर्शनाच्या पहिल्या बैठकीपासून तो बसला तरच त्याच्या कामाला धोरण म्हणता येते. येथे हद्द स्पष्ट असावी. वस्तूबद्दलच्या तथ्यावर अभिरक्षकाचा शब्द अखेरचा, आणि वाक्य सामान्य माणसाला समजते की नाही यावर संवादप्रमुखाचा.

उदाहरण म्हणून पैठणीची पाटी घेऊ. नेहमीची पाटी अशी असते: ‘पैठणी. रेशीम व जर. विसाव्या शतकाचा पूर्वार्ध. देणगी.’ यात खोटे काही नाही, पण आपल्या आईच्या कपाटात पैठणी असलेल्या बाईला यातून नवे काय कळले? त्याऐवजी पदराच्या मागे आरसा लावावा आणि लिहावे: ‘पदराची मागची बाजू आरशात पाहा. मोर दोन्हीकडून सारखाच दिसतो, कारण प्रत्येक रंगाचा धागा आपल्या जागेपुरताच विणून शेजारच्या रंगाच्या धाग्यात गुंतवला आहे. शेजारच्या हिमरूच्या मागे मात्र सुटे धागे दिसतील.’ पैठणी आणि हिमरू (सूत आणि रेशमाचे नक्षीदार कापड) एकाच जिल्ह्यातल्या, पण विणण्याची रीत वेगळी. हा फरक माणूस स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो आणि घरी जाऊन कपाटातली पैठणी उलटी करून बघतो. त्या घरात संग्रहालयाची जी ओळख तयार होते, ती फ्लेक्सने होत नाही.

पुढची गंमत अशी, की ही एक पाटी नीट लिहिली की बाकीचे साहित्य तिच्यातूनच निघते. वर्तमानपत्राला बातमीचा मथळा मिळतो, तीस सेकंदांच्या रीलला विषय मिळतो (फक्त आरसा आणि हळूच फिरणारा पदर दाखवावा, वर ढोल-ताशांचे संगीत नको), शाळेच्या मुलांना शोधायला प्रश्न मिळतो आणि आकाशवाणीवरच्या मुलाखतीत बोलायला दोन वाक्ये मिळतात. पाटीचा कच्चा मजकूर दारावरच्या पहारेकऱ्याला मोठ्याने वाचायला द्यावा. जिथे तो अडखळेल ते वाक्य मोडून दोन करावीत. अक्षर एवढे मोठे असावे की साठीतल्या माणसाला चष्मा न शोधता वाचता आले पाहिजे. या कामात वेळ जातो, संचालक अधीर होतात, तरीही एका दालनाच्या पाट्या पुऱ्या झाल्याशिवाय जाहिरातीचे काम उघडू नये.

बोधचिन्हाची वेळ त्यानंतर येते. ते आधी देवनागरीत काढून घ्यावे. इंग्रजी अक्षरांवरून रचलेले चिन्ह नंतर मराठीत ओढून बसवले की शिरोरेषा आणि मात्रा दोन्ही बिचाऱ्या होतात. चिन्ह रबरी शिक्क्यावर, पावतीवर आणि व्हॉट्सॲपच्या एवढ्याशा वर्तुळात ओळखू येते का, ते छापून पाहावे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातला बोधिसत्त्व पद्मपाणी वापरण्याचा मोह टाळलेला बरा. हॉटेलपासून मिठाईच्या डब्यापर्यंत त्याने इतक्यांची सेवा केली आहे, की आता तो कोणाचाच राहिलेला नाही. पक्के झालेले चिन्ह ट्रेडमार्क म्हणून नोंदवावे. सांस्कृतिक आणि शैक्षणिक सेवा ट्रेडमार्कच्या वर्गवारीत ४१ व्या वर्गात येतात. शहराच्या नावाबद्दल एक व्यावहारिक सूचना आहे. २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही अधिकृत नावे आहेत आणि लेटरहेडपासून फलकापर्यंत तीच हवीत. पण परदेशातला प्रवासी अजून जुन्या नावाने शोधतो, म्हणून संकेतस्थळावर पोहोचण्याच्या माहितीत जुने नावही एकदा यावे, म्हणजे शोधणाऱ्याला पत्ता सापडतो.

माध्यमे आणि हंगाम

मराठवाड्यात माणसे संग्रहालयात येतात ती बहुधा कोणीतरी सांगितले म्हणून, आणि सांगणाऱ्यांत शाळेचे मुख्याध्यापक सर्वांत वजनदार असतात. त्यांना रंगीत पोस्टर पाठवून उपयोग नाही. सहलीचा निर्णय चित्रांवर होत नाही, तो पाणी, सावली आणि स्वच्छतागृहावर होतो. संदेश असा असावा: ‘नमस्कार सर. पाचवी ते आठवीसाठी संग्रहालयात दीड तासाचा कार्यक्रम आहे. एसटीच्या दोन गाड्या आवारात उभ्या राहतात. डबा खायला सावलीची जागा, पिण्याचे पाणी आणि मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह आहे. सोबतच्या शिक्षकांना तिकीट नाही. मुलांनी फक्त पेन्सिल आणावी, कागद आम्ही देऊ. आपण तारीख कळवलीत की त्याच दिवशी पक्के करतो.’ हा संदेश दिवाळीच्या सुट्टीआधी जायला हवा, कारण सहलींची आखणी तेव्हा होते. आणि त्यातली प्रत्येक गोष्ट खरी असावी; नळाला पाणी नसेल तर संदेश पाठवण्याआधी नळ दुरुस्त करावा.

हंगामाचे भान या प्रदेशात विशेष लागते. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला गेलेली कुटुंबे दिवाळीनंतर साधारण उन्हाळ्यापर्यंत गावात नसतात. त्यांच्यासाठी आखलेला कार्यक्रम डिसेंबरात ठेवणे म्हणजे कुलूप लावलेल्या घरांना निमंत्रण देणे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा दुपारी कोणी फिरकत नाही. त्या काळात सकाळी लवकर आणि संध्याकाळी उशिरापर्यंत दालने उघडी ठेवावीत आणि १८ मेच्या आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिनाचा कार्यक्रम ऊन उतरल्यावर घ्यावा. पैठणला नाथषष्ठीच्या दिवसांत गाव माणसांनी भरून जाते. पैठणच्या संग्रहालयाने त्या दिवसांत बंदिस्त दालनापेक्षा घाटाच्या वाटेवर चालता माग मांडावा.

वर्तमानपत्रांकडे जाताना जिल्हा पुरवणीचा बातमीदार हा आपला माणूस समजावा. त्याला दुपारपर्यंत मजकूर, एक चांगले छायाचित्र आणि शुद्ध लिहिलेली नावे हवी असतात. उद्घाटनाचे छायाचित्र हा आपल्याकडचा जुना आजार आहे: दीपप्रज्वलन करणारे दहा-बारा मान्यवर एका रांगेत, आणि ज्या चित्राचे प्रदर्शन आहे ते त्यांच्या पाठीमागे झाकलेले. मान्यवरांना नाराज करण्याची गरज नाही. पण चित्रासमोर उभ्या एका मुलीचे, चित्र पूर्ण दिसेल असे छायाचित्र आदल्या दिवशीच काढून मजकुरासोबत पाठवले, तर बहुधा तेच छापले जाते. परभणी आणि संभाजीनगरच्या आकाशवाणी केंद्रांना विसरू नये. शेतात आणि कारखान्यात कामाच्या वेळी रेडिओ ऐकणारे लोक आजही आहेत.

प्रायोजक शोधताना संभाजीनगरजवळच्या वाळूज, शेंद्रा आणि चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहती हाताशी आहेत. कंपनी कायदा, २०१३ च्या सातव्या अनुसूचीत कला, संस्कृती आणि वारशाचे रक्षण ही कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाची (सीएसआर) मान्य बाब आहे, हे कंपनीच्या अधिकाऱ्याला ठाऊक असतेच. त्याला ठाऊक नसते ते हे, की त्याच्या नावाची पाटी कुठे लागेल. ती जागा आणि आकार करारातच लिहावा, म्हणजे पुढे चित्राशेजारी पंख्याची जाहिरात लावण्याची वेळ येत नाही. चित्रांच्या वापराबाबतही असेच काटेकोर राहावे. आपल्याकडे चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो, आणि चित्र संग्रहालयाने विकत घेतले म्हणजे ते छापण्याचा हक्कही आपोआप आला असे नाही. शिवाय १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याचे ५७ वे कलम कलाकृतीची मोडतोड करण्याविरुद्ध कलावंताला संरक्षण देते. पोस्टरसाठी चित्र कापताना किंवा त्यावर अक्षरे चढवताना त्याची किंवा वारसांची लेखी परवानगी हाताशी असावी.

वाद उभा राहिला तर

मराठवाड्याचा इतिहास अजून ताजा आहे. हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजी भारतात आले, आणि त्याआधीच्या काळातील नाणी, फर्माने, बिदरी काम (काळ्या धातूवरचे चांदीचे जडावकाम) किंवा तसबिरी मांडल्या की एखाद्या विशेषणावरून वाद होऊ शकतो. म्हणून कोणत्या घटनेला, राजवटीला आणि वास्तूला संग्रहालय काय म्हणणार, याची शब्दसूची इतिहासकारांना विचारून आधीच तयार ठेवावी आणि पाटी, पत्रक, समाजमाध्यम या सर्वांत तीच पाळावी. वाद झालाच तर बोलणारी व्यक्ती एकच असावी. पहिल्या निवेदनात काय घडले, आपण काय करत आहोत आणि पुढची माहिती केव्हा देऊ, एवढेच यावे. समाजमाध्यमांवर प्रत्येक प्रतिक्रियेला उत्तर देत बसू नये, मात्र चुकीचे तथ्य पसरत असेल तर वस्तूची नोंद दाखवून ते एकदा दुरुस्त करावे. मौन लांबले की रिकामी जागा अफवा भरून काढते.

कामाचे मोजमाप तिकीट खिडकीवर करावे. एका साध्या वहीत दोन रकाने पुरतात: घरचा पिनकोड आणि ‘कोणाकडून कळले?’. लातूर-धाराशिवचे पिनकोड ४१३ ने आणि उरलेल्या जिल्ह्यांतील बहुतेक ४३१ ने सुरू होतात, परंतु ४१३ मध्ये सोलापूरही येते, म्हणून सहाही आकडे लिहून घ्यावेत. दर तीन महिन्यांनी ही वही उघडली की कोणत्या तालुक्यातून माणसे येत आहेत आणि कोणत्या तालुक्यातून कोणीच येत नाही, हे नकाशावर खुणा करून दिसते. समाजमाध्यमांवरच्या पसंतीच्या आकड्यांतून हे कधी कळत नाही. दुसऱ्या रकान्यात ‘शेजारीण’, ‘मुलाचे सर’, ‘रेडिओ’ अशी उत्तरे येतात. वर्षभरात ज्या माध्यमाचे नाव कोणीच घेतले नाही, त्यावरचा खर्च पुढच्या अंदाजपत्रकातून कमी करावा आणि ती रक्कम पुढच्या दालनाच्या पाट्यांकडे वळवावी.