‘कावर्ड’ शब्द वापरताना या चुका टाळा

मी इंग्रजीच्या शिकवण्या घेते. दिवाळीच्या सुट्टीआधी एक आई मुलाचं प्रगतिपुस्तक घेऊन माझ्याकडे आली. शेऱ्याच्या रकान्यात निळ्या शाईने लिहिलं होतं : ‘युवर सन इज व्हेरी कावर्ड.’ मुलगा तिसरीतला. फळ्यासमोर उभं केलं की त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही, एवढंच. तिने विचारलं, “बाई, म्हणजे माझा मुलगा भ्याड आहे का हो?”

पाच शब्दांच्या त्या वाक्यात दोन चुका होत्या. एक व्याकरणाची, ती लाल पेनाने सुधारता येते. दुसरी अर्थाची, आणि ती मला जास्त लागली.

आधी व्याकरण

‘तो भित्रा आहे’ या वाक्यात ‘भित्रा’ हे विशेषण आहे. आपण तेच वाक्य शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत नेतो आणि ‘ही इज कावर्ड’ म्हणून मोकळे होतो. पण आजच्या इंग्रजीत कावर्ड हे नाम आहे, माणसाला लावायचं. म्हणून आधी ‘अ’ हवा : ‘ही इज अ कावर्ड.’ आणि नाम असल्यामुळे त्याला ‘व्हेरी’ चिकटत नाही. ‘तो फार डॉक्टर आहे’ असं आपण म्हणतो का?

विशेषण हवं असेल तर ‘कावर्डली’. इथे पुढची अडचण येते. शेवटी एल-वाय दिसलं की क्रियाविशेषण, हे शाळेत इतकं घोटून घेतलेलं असतं की मुलं बिनदिक्कत ‘ही रॅन अवे कावर्डली’ लिहितात. पण ‘फ्रेंडली’, ‘लव्हली’ यांच्यासारखंच हेही विशेषण. वर्तमानपत्रांतला ‘भ्याड हल्ला’ म्हणजे ‘अ कावर्डली अटॅक’. क्रियेबद्दल बोलायचं तर ‘इन अ कावर्डली वे’ म्हणावं.

भ्याडपणाला ‘कावर्डनेस’ म्हणू नका; शब्द आहे ‘कावर्डिस’. शेवटी आय-सी-ई असलं तरी उच्चार ‘आइस’ नाही, ‘इस’. आणि सुरुवातीला ‘को’ नाही, ‘काउ’.

‘ही कावर्ड इन द कॉर्नर’ असं ऐकू आलं तर गोंधळू नका. तिथे ‘कावर’ या क्रियापदाचा भूतकाळ आहे, स्पेलिंगच्या शेवटी ई-आर-ई-डी. अर्थ : तो कोपऱ्यात अंग चोरून बसला. दोन्ही शब्द कानाला सारखे, पण कुळं वेगळी.

‘डेरिंग’चं काय करायचं?

‘त्याच्यात डेरिंगच नाही’ हे मराठीत छान चालतं. ‘डेरिंग कर’ तर आपण पोरांना रोज सांगतो. पण ‘ही हॅज नो डेअरिंग’ इंग्रजी कानाला खटकतं. ‘ही डझन्ट हॅव द करेज टु स्पीक’ म्हणा. नेमकं काय करायला धीर होत नाही ते ‘टु’च्या पुढे घाला, वाक्य आपोआप सरळ होतं.

खरी चूक अर्थाची

कावर्डचा गाईशी काही संबंध नाही. तो आला जुन्या फ्रेंचमधून, आणि त्याच्या मुळाशी आहे लॅटिन ‘कौडा’, म्हणजे शेपूट. घाबरलेलं जनावर शेपूट पायांत घेतं, ते चित्र त्यामागे असावं. आपणही म्हणतोच की, ‘शेपूट घालून पळाला’. मुलांना हे सांगितलं की शब्द कायमचा लक्षात राहतो, आणि त्यातला दोषही कळतो. शेपूट घातली असं आपण कुणाबद्दल म्हणतो? जिथे उभं राहायला हवं होतं तिथून जो पळाला, त्याच्याबद्दल. नुसत्या भ्यायलेल्याबद्दल नाही.

या शब्दाचं वजन किती होतं? पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यात ‘कावर्डिस’ हा गुन्हा होता आणि त्याला देहदंड होता. हॅरी फार नावाच्या शिपायाला ऑक्टोबर 1916 मध्ये याच आरोपाखाली गोळ्या घातल्या. तोफांच्या माऱ्याने त्याच्या मनावर आघात झाला होता, त्यासाठी तो आधी इस्पितळातही राहिला होता. पलटणीतून पळून जाणं, भ्याडपणा अशा आरोपांखाली मारल्या गेलेल्या 306 सैनिकांना सरकारने माफी दिली ती थेट 2006 मध्ये. फार त्यांपैकी एक. भीतीला भ्याडपणा म्हटलं की काय होतं, ते त्याच्या घरच्यांनी नव्वद वर्षं सोसलं.

तेव्हा शब्द निवडताना मराठीत विचार करा. मुलगा घाबरलाय? ‘ही इज स्केअर्ड’ किंवा ‘अफ्रेड’. (नामाआधी मात्र ‘अफ्रेड’ येत नाही, ‘अफ्रेड चाइल्ड’ऐवजी ‘फ्राइटन्ड चाइल्ड’.) स्वभावानेच बुजरा आहे? ‘टिमिड’. चारचौघांत लाजतो? ‘शाय’. दुसऱ्याला संकटात टाकून स्वतः निसटला, पाठीमागून वार केला, तरच ‘कावर्ड’. तिसरीतल्या मुलाला तर हा शब्द कधीच लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

त्या आईला मी वहीच्या पानावर लिहून दिलं : ‘ही इज अ लिटल टिमिड इन फ्रंट ऑफ द क्लास.’

“याचा अर्थ?”

“वर्गासमोर जरा बुजतो.”

“तो तर बुजतोच,” ती म्हणाली, आणि पान घडी करून प्रगतिपुस्तकात ठेवलं.