दोन इंजिनांच्या विमानात लँडिंगचा सराव: कोणते काम कधी उरकावे

सिंगल इंजिनवर हात बसलेला विद्यार्थी पायपर सेमिनोलसारख्या हलक्या ट्विन विमानात पहिल्यांदा सर्किट (धावपट्टीभोवतीची चौकोनी फेरी) करतो, तेव्हा त्याच्या हाताखाली सहा लिव्हर आलेले असतात आणि वाढलेल्या वेगामुळे हाताशी असलेला वेळ मात्र कमी झालेला असतो. अशा वेळी कामे भराभर करण्यापेक्षा ती लवकर उरकण्याची सवय लावून घ्यावी.

लवकर म्हणजे डाउनविंडवर, धावपट्टीला समांतर पण उलट दिशेने जाणाऱ्या टप्प्यात. सेमिनोलची चाके खाली सोडण्याची कमाल वेगमर्यादा १४० नॉट असून सर्किटमध्ये आपण तिच्या बऱ्याच खाली असतो, त्यामुळे चाके सोडण्यासाठी बेसपर्यंत (फायनलआधीच्या आडव्या टप्प्यापर्यंत) थांबण्याचे काहीच कारण नाही. इंधन, चाके, मिक्श्चर (इंधन-हवेचे मिश्रण), प्रॉपेलर आणि पट्टे ही तपासणी तिथेच मोठ्याने म्हणत पूर्ण करावी. चाके खाली पक्की बसल्याचे तीन हिरवे दिवे दिसले नाहीत, तर आधी नॅव्हिगेशन लाइटचा स्विच पाहावा, कारण तो चालू असला की हे दिवे आपोआप मंद होतात आणि भर दुपारच्या उन्हात विझल्यासारखेच वाटतात. डाव्या इंजिनाच्या आवरणावरील छोट्या आरशात पुढचे चाकही दिसते.

फायनलवर, म्हणजे धावपट्टीच्या रेषेतल्या शेवटच्या टप्प्यात, वेग, मध्यरेषा आणि टेकण्याची जागा एवढेच सांभाळावे. धावपट्टी नक्की गाठता येईल अशी खात्री होईपर्यंत निळी रेषा (वेगमापकावरील, एका इंजिनावर सर्वोत्तम चढाईच्या वेगाची खूण), म्हणजे ८८ नॉट, सोडू नये आणि पूर्ण फ्लॅपही (पंखांमागच्या झडपा) घेऊ नयेत. एका इंजिनाच्या सरावात तर हे अधिकच कसोशीने पाळावे, कारण चाके व फ्लॅप बाहेर असताना एकट्या इंजिनावर हे विमान पुन्हा वर चढेल असे गृहीत धरता येत नाही. म्हणून कोणत्या उंचीखाली गो अराउंड (लँडिंग सोडून पुन्हा वर जाणे) करायचा नाही, हे इन्स्ट्रक्टरशी उड्डाणापूर्वीच ठरवावे.

सर्वाधिक धोका मात्र विमान टेकल्यानंतर असतो. टच अँड गोच्या (टेकून न थांबता लगेच पुन्हा उड्डाण करण्याच्या) घाईत फ्लॅपऐवजी चाकांच्या लिव्हरला हात जातो. बीचक्राफ्ट बोनान्झा आणि बॅरन विमानांत असे अपघात इतके झाले, की अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने १९८० मध्ये त्यांवर स्वतंत्र अहवाल काढला. त्या विमानांत चाके आणि फ्लॅप यांच्या स्विचांच्या जागा इतर विमानांच्या उलट होत्या. जमिनीवर चाके मिटू नयेत म्हणून सुरक्षा स्विच असतो खरा, पण धावताना पंखांनी अजून थोडा भार उचलून धरलेला असेल, तर स्ट्रट (चाकाचा दबणारा दांडा) पुरता दबलेला नसतो आणि तो स्विच विमान हवेतच आहे असे समजतो.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की ट्विनच्या सुरुवातीच्या सरावात टच अँड गो करूच नये. विमान पूर्ण थांबवावे, धावपट्टीबाहेर होल्ड लाइन (धावपट्टीची हद्द दाखवणारी रेषा) ओलांडून उभे करावे आणि तोवर एकही लिव्हर किंवा स्विच हलवू नये. मग फ्लॅपच्या लिव्हरवर हात ठेवून, त्याचे नाव उच्चारून, फ्लॅप मिटवावेत. इन्स्ट्रक्टरनेही झालेल्या लँडिंगवर तिथे पोहोचल्यावरच बोलावे. परत टॅक्सी करतानाच्या मिनिटांत ट्रिम (नियंत्रणांवरचा दाब हलका करणारी जुळणी) जागेवर आणावा आणि टेकऑफला इंजिन गेले तर काय करायचे, ते विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत एकदा म्हणून दाखवावे.