इम्प्लांट शिकताय? गाईडच्या भरवशावर या चुका करू नका

आमच्या बेळगावात आता नवीन डेंटिस्टला इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवायचा दाताचा स्क्रू, घालताना सगळं डिजिटलच पाहिजे. सीबीसीटी (जबड्याचा थ्रीडी एक्सरे) काढला, दातांचा स्कॅन त्याला जोडला, गाईड (दातांवर बसणारा, ड्रिलची जागा-दिशा ठरवणारा साचा) प्रिंट करून आला की ड्रिल घालायचं. मी स्वतः गाईड वापरतो, पण हाताला हाड माहीत नसताना गाईड धरणं मला अजिबात पटत नाही.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे गाईड पूर्ण बसलाय का हे न बघणं. खानापूरकडचा एक ज्युनिअर दोन दिवसांचा कोर्स करून आलेला, खालच्या पहिल्या दाढेची केस होती. गाईड मागच्या दाढेवर जरा उचललेला, गाईडला ठेवलेल्या खिडकीतून बघितलं असतं तर लगेच दिसलं असतं, पण याला घाई. पायलट (पहिलं बारीक) ड्रिल झाल्यावर मी म्हटलं थांब, त्या भोकात पिन घालून एक्सरे काढ. पिनचं टोक मागच्या दाढेच्या मुळाकडे झुकलेलं! शेजारच्या मुळापासून किमान १.५ मिमी सोडायचं असतं, तिथं तेवढं राहिलंच नसतं. गाईड काढ, फ्लॅप (हिरडी कापून) उघड म्हटलं तर पोरगा घामाघूम, "सर, गाईडशिवाय कधी केलंच नाही." शेवटी मीच हाताने दिशा बदलून घेतली.

तेव्हापासून माझ्याकडे शिकायला येणाऱ्याला आधी बकऱ्याचा जबडा. खाटकाला आदल्या दिवशी सांगून ठेवायचं, आणि दहा-बारा जागा गाईडशिवाय ड्रिल करायच्या. वरचं कडक हाड संपून आतलं मऊ लागलं की ड्रिल कसं सुटतं, ते स्क्रीनवर कळत नाही.

दुसरं, पाणी. गाईडच्या स्लीव्हमुळे (ड्रिल ज्यातून जातं ती नळी) सलाईन टोकापर्यंत नीट पोचत नाही, आणि हाड ४७ डिग्रीला मिनिटभर जरी तापलं तरी खराब होतं. मी बाटली रात्रीच फ्रिजमध्ये ठेवतो, ड्रिल वरखाली करत मधेमधे बाहेर काढून पाणी मारतो. एका दमात खाली जाऊ नका.

ड्रिलचं टोक खुणेच्या मापापेक्षा जरा लांब असतं, खालच्या नसेपासून २ मिमी सोडताना ते धरा. तोंड किती उघडतं ते आधी मोजा, गाईडचं ड्रिल लांब असतं. बिडी-तंबाखू पहिल्या भेटीतच विचारा, निपाणी-चिकोडीकडच्या पेशंटला तर नक्की.

नुसत्या ओपीजीवर (पूर्ण जबड्याचा सपाट एक्सरे) प्लॅन करणारे जुने लोकही चुकतातच, त्यात हाडाची रुंदी दिसत नाही.

आणि गाईडची केस असली तरी फ्रीहँडचं (गाईडशिवाय करायचं) किट ऑटोक्लेव्ह (वाफेवर निर्जंतुक) करून ट्रेमध्ये ठेवा, मी ते नसेल तर केस सुरूच करत नाही.