हीदरची छाटणी : या चुका टाळा, आधी हात आवरा

एप्रिल उजाडला की माझ्या व्हॉट्सॲपवर हीदरच्या, म्हणजे बारीक पानांच्या बुटक्या फुलझुडपाच्या, तपकिरी काड्यांचे फोटो यायला लागतात. खाली प्रश्न ठरलेला: "ताई, हीदर छाटलं, पण फुटत का नाही?" उत्तरही बहुतेक वेळा ठरलेलंच, आणि कुणालाच न आवडणारं. ते आता फुटणार नाही.

इंग्लंडमध्ये घर घेतलं की पुढच्या अंगणात आधीच्या मालकाने लावलेली हीदरची दोन-चार झुडपं बऱ्याच जणांना आयती मिळतात. नोकरी आणि मुलं यांच्यात तीन-चार वर्षं तिकडे कुणी बघत नाही. मग एका शनिवारी अचानक उत्साह येतो आणि सगळी कसर एका दुपारी भरून काढायची असते. माझा राग आहे तो या शनिवारवर.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे उघड्या लाकडात कात्री घालणं. गुलाब, जास्वंद, मोगरा, कढीपत्ता यांवर आपला हात बसलेला असतो. ही झाडं बुंध्याजवळ कापली तरी जोमाने फुटतात, म्हणून जोरात कापायची आपल्याला भीती वाटत नाही. हीदर आणि त्याची एरिका मंडळी (त्याच कुळातली झुडपं, त्यांनाही इथे हीदरच म्हणतात) त्या जातीची नाहीत. जुन्या, पानं गळालेल्या लाकडावर फुटू शकणारे डोळे जवळजवळ नसतातच. हिरवं जिथे संपतं, तिथे झाडाचं भविष्यही संपतं. कापल्यावर खाली निदान दोन-तीन सेंटीमीटर हिरवी पानं उरली पाहिजेत.

माझ्या एका मित्राचे वडील, आप्पा, निफाडकडचे द्राक्षबागायतदार. सहा महिन्यांसाठी मुलाकडे यॉर्कशरला आले होते. एप्रिल महिना, हातात काम नाही, आणि समोर दारापासून फुटपाथपर्यंत वाढलेला हीदरचा पट्टा. मुलगा ऑफिसला जाताना बोलून गेला, "आप्पा, जरा त्या झुडपांचं बघा." आप्पांनी बघितलं. एप्रिल म्हणजे द्राक्षाची खरड छाटणी (काड्या अगदी आखूड कापायच्या), त्यामुळे त्यांनी हीदरचीही खरड छाटणी केली. मी संध्याकाळी चहाला गेले, तर पट्टाभर नुसती खुंटं. आप्पा मात्र खुशीत होते. "एकेका काडीला दोन-दोन डोळे ठेवलेत. पंधरा दिवसांत बघा कशी फूट निघते." त्यांच्यासमोर काही बोलायचा धीर झाला नाही. जुलै आला तरी खुंटं तशीच. जगलं फक्त शेवटचं झुडूप, कारण ते अर्धं झालं असतानाच जेवायला हाक आली होती.

आप्पांना मी दोष देत नाही. वेलीवर त्यांचा हात बिनचूकच आहे. दोष त्या मुलाचा, कारण त्याने ती झुडपं वर्षानुवर्षं तशीच सोडली होती. लावल्यावर पहिल्या वर्षापासून दरवर्षी थोडं कापलं तर हीदर दाट आणि बुटकं राहतं. नाही कापलं तर वाढ टोकांकडे सरकते, मध्ये टक्कल पडतं, आणि मग कुठेही कापा, चूकच.

यावर एक हुशारीचा प्रश्न हमखास येतो: नॉर्थ यॉर्क मूर्सवर, म्हणजे यॉर्कशरच्या हीदरने भरलेल्या उघड्या माळांवर, तर हीदर जाळतात, तरी ऑगस्टमध्ये सगळं जांभळं होतं, मग कापल्यावर का फुटू नये? तिथे फुटतात ती तरुण झुडपं, आणि तीही जमिनीलगत शेवाळात, पाचोळ्यात दबलेल्या खोडातून. म्हातारी झुडपं मरतातच. त्यांच्या जागी मातीत पडून राहिलेल्या बियांची नवी रोपं येतात, आणि धुराने ते बी रुजायला मदतच होते. तुमच्या अंगणात ना ते शेवाळ, ना तेवढं बी.

टक्कल पडलेल्या झुडपाला वाचवायचंच असेल तर दाब कलम करा. वसंतात मधल्या पोकळीत आम्लधर्मी कंपोस्ट आणि जाड वाळू भरायची, फांद्या त्यात दाबायच्या, फक्त हिरवी टोकं बाहेर ठेवायची. साधारण वर्षभरात मुळं धरतात, मग सुटी करून लावायची. मी स्वतः बहुतेक वेळा एवढं करत नाही. सरळ उपटते आणि छोट्या कुंडीतलं नवं रोप खोल लावते, खालची पानं मातीला टेकतील इतकं.

दुसरी चूक वेळेची, आणि आपल्याकडे ती बहुधा दिवाळीमुळे होते. फराळाला माणसं येणार म्हणून ऑक्टोबरात अंगण चकाचक करायचं आणि दिसेल त्या झुडपाचे केस कापायचे! हिवाळ्यात फुलणाऱ्या एरिका कार्निया आणि एरिका डार्लियेन्सिस यांच्या कळ्या तोवर फांद्यांवर तयार असतात. त्या कापल्या की नाताळापासून वसंतापर्यंतचा सगळा बहर गेला. हे झुडूप फूल ओसरल्यावर लगेच, एप्रिलमध्ये, फार तर मेच्या मध्यापर्यंत हलकंसं कापायचं. पुढे हात लावायचा नाही.

उन्हाळ्यात-शरदात फुलणाऱ्यांचं गणित वेगळं. खरं हीदर, म्हणजे कॅलुना, तसंच एरिका सिनेरिया आणि एरिका वेगन्स, यांना फूल त्याच वर्षीच्या नव्या फुटव्यावर येतं. म्हणून छाटणी वसंताच्या तोंडावर. मी मार्चच्या शेवटी करते, कडक थंडी ओसरली की. वाळलेला तुरा जिथे संपतो, त्याच्या किंचित खाली कापायचं. शरदात कापलं तर आलाच तर कोवळा फुटवा हिमाने करपतो. वाळलेले तुरे झाडावर राहू द्या, थंडीत त्यांचा आडोसा होतो. शिवाय कॅलुनाचा वाळका तांबूस रंग मला ताज्या फुलांपेक्षा जास्त आवडतो, पण हे माझं मत.

आपलं झुडूप कोणतं हे ठाऊक नसेल तर पानं बघा. कॅलुनाची पानं बारीक खवल्यांसारखी, काडीला चिकटून चार ओळींत बसलेली. एरिकाची सुईसारखी, काडीपासून सुटी, घोळक्याने. तरीही कळत नसेल तर एक वर्ष नुसतं थांबा आणि ते कधी फुलतं ते बघा. हा सल्ला दिला की लोक नाराज होतात. होऊ देत.

बाकीच्या चुका थोडक्यात.

विजेची हेज कापायची मशीन वापरू नका. वरून सपाट झालेलं हीदर कमालीचं कुरूप दिसतं, आणि मशीनला हिरवं कुठे संपलं ते कळत नाही. मी एका हाताने चालणारी, मेंढीची लोकर कापायची कात्री वापरते.

छाटलं म्हणून खत घालू नका. या झाडांना रोडक्या जमिनीची सवय असते.

लंडनकडे नळाचं पाणी चुन्याचं असतं. कुंडीतल्या कॅलुनाला पावसाचं पाणी द्या. चुन्यामुळे पिवळं पडलेलं झाड छाटून बरं होत नाही.

एक अपवाद आहे: एरिका आर्बोरिया, झाडासारखी उंच वाढणारी. तिच्या बुडाशी लाकडाची गाठ असते (तंबाखूचे पाइप याच गाठीचे करतात), त्यामुळे फुलं संपल्यावर, वसंताच्या अखेरीस खोल कापलं तरी ती फुटते. आप्पांना आधी हिच्याकडे पाठवायला हवं होतं.

आणि शरदात सुपरमार्केटमध्ये गुलाबी घंटांनी लगडलेली जी कुंडी मिळते, ती बहुतेक वेळा एरिका ग्रॅसिलिस असते. मूळची दक्षिण आफ्रिकेची, इथली थंडी तिला सोसत नाही. शेजारीच निळ्या, पिवळ्या तुऱ्यांचं हीदर दिसलं तर तो चक्क रंग फासलेला असतो. ग्रॅसिलिस कधी छाटू, असं मला विचारू नका. फुलं वाळली की कंपोस्टमध्ये टाका.