लॉय क्राथोंगचा दिवा सोडताना या चुका टाळा

लॉय म्हणजे तरंगणं, क्राथोंग म्हणजे पानांचा द्रोण. थाई पंचांगातल्या बाराव्या महिन्याच्या पौर्णिमेला, बहुधा नोव्हेंबरात, थायलंडभर लोक असा द्रोण पाण्यात सोडतात. बहुतेक वर्षी तीच आपली त्रिपुरी पौर्णिमा असते. ज्या जलदेवतेसाठी तो सोडायचा, तिचं नावही ओळखीचं: फ्रा मे खोंगखा, म्हणजे गंगामाई. वर्षभर पाणी वापरलं, घाण केलं, त्याची तिच्याकडे माफी मागायची. म्हणून सगळ्यात मोठी चूक थर्माकोलच्या द्रोणाची. माफी मागताना पुन्हा कचराच टाकायचा, हे मला पटत नाही.

पावाचा द्रोण चालेल, मासे खातील, असं अनेकांना वाटतं. वाहत्या नदीत एकवेळ ठीक. बंदिस्त तळ्यात शेकडो पाव भिजून कुजतात, पाण्यातला प्राणवायू घटतो आणि मासेच गुदमरतात. केळीच्या खोडाची जाड चकती सर्वांत बरी. पण त्यावर केळीची पानं टोचायला टाचण्या किंवा स्टेपलर वापरू नका, बांबूच्या बारीक काड्या घ्या. पान दुमडताना फाटत असेल तर आधी थोडा वेळ उन्हात ठेवा, मऊ पडतं.

द्रोण कलंडतोय? फुलं एका बाजूला जास्त झाली असतील, नाहीतर मेणबत्ती उंच असेल. आखूड आणि जाड घ्या, अगदी मधोमध रोवा, शेजारी तीन उदबत्त्या. पाण्यात सोडण्याआधी बादलीत तरंगवून पाहा. ताक शहरात लोक पिंग नदीत नारळाच्या करवंट्या एकामागून एक सोडतात, त्यांची लांबच लांब रांग होते. खोड मिळालं नाही तर करवंटी घ्या.

गरम हवेने वर उडणारे कागदी आकाशकंदील सोडायचा सण वेगळा, यी पेंग. तो उत्तरेकडचा, चियांग माईचा, पौर्णिमा मात्र तीच. तिथे त्या रात्री विमानांची उड्डाणं रद्द करावी लागतात. त्यामुळे ठरवून दिलेली जागा आणि वेळ सोडून कंदील उडवू नका. बँकॉकमध्ये तर बंदीच आहे.

घरटी एकच द्रोण पुरे. काठावरून फेकू नका. मेणबत्ती पाण्याजवळ गेल्यावरच पेटवा, द्रोण कपाळाला लावा, मग खाली बसून दोन्ही हातांनी पाण्यावर ठेवा आणि मागून हलकेच पाणी ढकला. दिवा थोडं पुढे जाऊन विझला तरी त्याच्यामागे पाण्यात उतरू नका, अंधारात पायऱ्या निसरड्या असतात.