पूलँकच्या फ्लूट सोनाटाचा सराव: आरंभ मधल्या भागापासून

फ्रेंच संगीतकार फ्रान्सिस पूलँक यांनी फ्लूट आणि पियानोसाठी लिहिलेला सोनाटा (अनेक भागांची वाद्यरचना) 18 जून 1957 रोजी फ्रान्समधील स्ट्रासबूर्गच्या संगीत महोत्सवात प्रथम सादर झाला. फ्लूटवर जाँ-पिएर रांपाल होते आणि पियानोवर स्वतः पूलँक. साधारण बारा मिनिटांच्या या रचनेचे तीन भाग आहेत. बहुतेक विद्यार्थी पहिल्या भागातील चपळ जागांच्या मोहाने तिथूनच सुरुवात करतात. माझ्या मते आरंभ दुसऱ्या, ‘कांतिलेना’ या संथ भागापासून करावा, कारण श्वासाचे नियोजन तिथे जमले की उरलेल्या दोन भागांतही ते उपयोगी पडते.

कांतिलेनाची लय मिनिटाला 52 मात्रा एवढी आहे. पहिल्या आठवड्यात फ्लूट हातात न घेता त्याची सुरावट गाऊन पाहावी आणि जिथे गाताना दम आपोआप घ्यावासा वाटतो, तिथेच पेन्सिलीने खूण करावी. आरंभीच्या मापांत (तालाच्या समान खंडांत) पियानो फ्लूटचेच स्वर किंचित मागून उच्चारतो. त्यामुळे फ्लूटवादकाने तिथे लय ताणली, तर ती प्रतिध्वनीची रचनाच विस्कटते. त्यानंतर पियानोचे स्वरसमूहांचे (कॉर्डचे) संथ ठोके सुरू होतात. पूलँक यांना पेडलचा (पियानोचे स्वर लांबवणाऱ्या पायपट्टीचा) सढळ वापर आवडत असे, पण सढळ म्हणजे गढूळ नव्हे: ठोके एकसारखे, हलके आणि फ्लूटच्या खालच्या पट्टीतील स्वरांना झाकून न टाकणारे हवेत. (पियानोवादकाला येथे ‘साथीदार’ समजणे ही चूक आहे, दोघांचा वाटा सारखाच आहे.)

पहिला भाग 82 मात्रांच्या लयीत आहे आणि त्याच्या ‘आलेग्रो मालिंकोनिको’ या नावातच खिन्नता आहे. आरंभीची चार स्वरांची उतरती झेप प्रथम अर्ध्या लयीत, चारही स्वर समान वजनाने वाजवावी, आणि मग जोर झेपेवर न देता ती जिथे टेकते त्या स्वरावर ठेवावा. पूलँक यांना लयीतील मनमानी चढउतार खपत नसत. म्हणून मेट्रोनोम (ठरावीक लयीत ठोके देणारे यंत्र) लावून, कुठे आपण नकळत मंदावतो, ते प्रामाणिकपणे तपासावे.

तिसरा भाग 160 ते 168 मात्रांचा आहे. 100 पासून सुरुवात करून दररोज चार-चार मात्रांनी वाढवत जाणे पुरेसे आहे. स्वर सुटे करणारी जीभ अडखळू लागली, तर त्या दिवशी तिथेच थांबावे. शेवटाआधी पहिल्या भागातील खिन्न सुरावट क्षणभर परतते, तिथे वादक सहसा गहिवरून रेंगाळतात. ही आठवण मोकळ्या श्वासाने वाजवावी, आणि त्यानंतरची अखेरची मापे वेग जराही न उतरवता, दोघांनी एकाच क्षणी थांबेपर्यंत नेटाने न्यावीत.